मिश्र भाजीरसाचा पेला

‘व्हेजिटेबल ज्यूस कॉकटेल’ हे हॉटेलच्या यादीतले भारदस्त नाव. आपण त्याला मिश्र भाजीरस म्हणू. टोमॅटो, काकडी, गाजर, बीट असे चार जिन्नस घ्यायचे, किसायचे, पिळायचे आणि वर लिंबू-मीठ घालायचे. यात विज्ञान ते काय, असे तुम्हांला वाटेल. परंतु अख्खी भाजी आणि तिचा रस या रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार वेगळ्या वस्तू आहेत. अख्ख्या काकडीत जे पदार्थ शेजारी शेजारी, पण निरनिराळ्या कप्प्यांत गुण्यागोविंदाने राहत असतात, ते किसणीवर एकदम एकमेकांत मिसळतात. त्यानंतर पेल्यात काय काय घडते ते या लेखात पाहू, आणि पाहता पाहता रसही करू.

रस करण्यासाठी आपण जाऊ सोलापूरला, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीजवळच्या एखाद्या घरात. तेथेच का? एक तर एप्रिल-मे महिन्यांत तेथे पारा चाळीस अंश सेल्सियसच्या वर जातो. या वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणारे कारखाने पुष्कळ आहेत. सुती धागा कोरड्या हवेत लवकर तुटतो, दमट हवेत अधिक ताण सोसतो. म्हणून विणकामाला हवेत ओलावा असलेला चांगला. माणसाच्या अंगाला मात्र तो मानवत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. पाळी संपवून घरी आलेल्या माणसाला पेलाभर गार रस हवासा वाटला तर त्यात नवल नाही. दुसरे कारण असे, की रसात घडणाऱ्या काही गोष्टी सुती कापडाच्या धंद्यात मुद्दाम घडवून आणल्या जातात. ओघात ते येईलच.

किसणीवर काय होते?

काकडी आणि टोमॅटो यांत पाणी सुमारे ९५ टक्के, गाजर आणि बीट यांत सुमारे ८८ टक्के असते. म्हणजे गाजर खाताना आपण बरेचसे पाणीच चावत असतो. हे पाणी बाहेर का सांडत नाही? ते लक्षावधी पेशींत बंदिस्त असते. प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते, तिच्या आत पातळ पटल असते आणि पेशीच्या मधोमध पाण्याने फुगलेली रिक्तिका असते. साखर, आम्ले, क्षार आणि बीटचा लाल रंग यांचा साठा या रिक्तिकेत असतो. शेजारच्या दोन भिंतींना जोडणारा चुना म्हणजे पेक्टिन हा पदार्थ. मुरंबा घट्ट करतो तोच.

पेशीतले पाणी काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तुमच्या घरात नेहमीचा आहे. चिरलेल्या काकडीवर मीठ घालून ती दहा मिनिटे ठेवा. कोशिंबिरीला पाणी सुटते. बाहेर मिठाचे प्रमाण अधिक, आत कमी. म्हणून पाणी पटलातून बाहेर येते. याला तर्षण म्हणतात. या मार्गाने पाणी सुटते, पण बाकीचा ऐवज बराचसा आतच राहतो. दुसरा मार्ग किसणीचा. यात भिंत, पटल, रिक्तिका सारे फाटते आणि सगळा ऐवज एकत्र होतो. रसाला चव आणि रंग येतो तो यामुळे. आणि रस बिघडू लागतो तोही यामुळेच.

रस काढण्यापूर्वी चव

कृतीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, आणि सगळा लेख विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही सारी एका कुळातली फळे. या कुळातील वनस्पतींत कुकर्बिटासिन नावाचे अतिशय कडू पदार्थ तयार होऊ शकतात. किडी आणि जनावरे यांना दूर ठेवण्याचा हा वनस्पतीचा उपाय आहे. लागवडीच्या जातींत हे प्रमाण इतके कमी असते, की आपल्याला कडू लागत नाही. परंतु एखाद्या वेलीच्या एखाद्या फळात ते अचानक वाढते. बाहेरून पाहून तसे फळ ओळखता येत नाही. कडू दुधीचा रस प्यायल्यामुळे देशात काही मृत्यू झाले, आणि २०१० च्या सुमारास या प्रश्नाच्या अभ्यासासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. असा रस पोटात गेल्यावर थोड्याच वेळात पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, प्रसंगी रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब कोसळतो. यावर उतारा म्हणून खास औषध नाही. रुग्णाला तातडीने इस्पितळात नेऊन लक्षणांवर उपचार करावे लागतात.

समितीने सांगितलेला उपाय अगदी साधा आहे : फळाचा लहानसा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावे. दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये, असेही तिने सुचवले. या दुसऱ्या सूचनेचे कारण तुमच्या ध्यानात आलेच असेल. आल्याचा झणका, लिंबाचा आंबटपणा, जिरे आणि काळे मीठ यांत कडूपणा दडून जातो. शरीराने दिलेली धोक्याची सूचना मिश्र रसात ऐकूच येत नाही. म्हणून आपल्या रसात दुधी घालायचा नाही. काकडी घालायची, पण प्रत्येक काकडीचा दोन्ही टोकांचा आणि मधला तुकडा चाखूनच. घरी काकडीचे टोक कापून ते चोळून फेस काढण्याची पद्धत आहे. ती खुशाल पाळा, पण भरवसा ठेवा तो जिभेवर. उकळल्याने कुकर्बिटासिन नाहीसे होईल असेही समजू नका.

‘जेवढे कडू तेवढे औषधी’ या समजुतीपायी काही लोक तो पेला नाक मुरडत संपवतात. कारले आपण पिढ्यान्पिढ्या खात आलो आहोत, त्याचे कडूपण अपेक्षितच असते. दुधी किंवा काकडी कडू लागणे ही गोष्ट अगदी निराळी.

काकडी आणि ‘क’ जीवनसत्त्व

आता कप्पे फुटल्यावर काय होते त्याचे एक उदाहरण पाहू. काकडीत, विशेषतः तिच्या सालीत व सालीलगतच्या भागात, एक विकर असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. काकडीतले हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने ‘क’ जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण करते. टोमॅटोतून आणि लिंबातून आलेले ‘क’ जीवनसत्त्व, काकडीतून आलेले विकर आणि ढवळल्यामुळे मिसळलेली हवा, ही तिन्ही पेल्यात भेटतात. आरोग्यासाठी म्हणून केलेल्या रसातले जीवनसत्त्व रसच खाऊ लागतो!

हे डोळ्यांनी पाहता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, आणि या प्रयोगातले काहीही पिऊ नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळीचा चौथा हिस्सा एक लिटर पाण्यात विरघळवा. एक काकडी सालीसकट किसून रस गाळून घ्या आणि त्याचे दोन समान भाग करा. एक भाग पाच मिनिटे उकळून पूर्ण थंड करा. आटलेले पाणी पुन्हा घालून तो मूळ मापाला आणा. दुसरा कच्चाच ठेवा. दोन्हींत सारख्याच मापाचे गोळीचे पाणी घाला आणि अर्धा तास अधूनमधून ढवळत राहा. तोवर दुसरे द्रावण तयार करा : पेलाभर पाण्यात चमचाभर भाताची पेज आणि निळा रंग स्पष्ट दिसेल इतकेच टिंक्चर आयोडीनचे एक-दोन थेंब. स्टार्च आणि आयोडीन मिळून निळा रंग येतो, आणि ‘क’ जीवनसत्त्व आयोडीनला रंगहीन करून टाकते.

निळे द्रावण दोन-दोन चमचे दोन वाट्यांत घ्या. एका वाटीत उकळलेल्या रसाचे मिश्रण आणि दुसरीत कच्च्या रसाचे मिश्रण थेंब थेंब टाका, आणि निळा रंग जाईपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. जास्त थेंब लागले, तर त्या मिश्रणात जीवनसत्त्व कमी उरले आहे. विकर उष्णतेने निकामी होते. तेव्हा कोणत्या वाटीत जास्त थेंब लागायला हवेत, ते आधी वहीत लिहा आणि मग मोजायला बसा.

हीच निळी खूण कापडाच्या प्रक्रियेतही उपयोगी पडते. ताण्याचे धागे मागावर तुटू नयेत म्हणून त्यांना स्टार्चची खळ देतात. विणून झाल्यावर ती खळ काढावी लागते, नाहीतर टॉवेल पाणी शोषणार नाही आणि रंगही नीट चढणार नाही. खळ काढण्यासाठी स्टार्च तोडणारे अमिलेज नावाचे विकर वापरतात आणि ती पुरती निघाली की नाही हे कापडावर आयोडीनचा थेंब टाकून पाहतात. थेंब निळा झाला, तर स्टार्च शिल्लक आहे. कारखान्यात विकराला काम करायला लावतात, आपल्याला पेल्यात त्याला आवरायचे आहे. उकळण्याखेरीज आवरण्याचा सोपा मार्ग म्हणजे आम्ल. काकडीतल्या या विकराला आंबट द्रावण मानवत नाही. म्हणून लिंबू सर्वांत शेवटी ‘चवीपुरते’ पिळण्यापेक्षा आधी भांड्यात पिळून ठेवावे आणि काकडी त्यातच किसावी.

आता कृती

एक लिटर, म्हणजे चार मोठे पेले रसासाठी सुमारे पाऊण किलो पिकलेले टोमॅटो, दोन काकड्या, दोन गाजरे, अर्धे लहान बीट, बोटाच्या पेराएवढे आले, मूठभर कोथिंबीर आणि एक मोठे लिंबू घ्या. कच्चे खायचे असल्यामुळे सारे वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. गाजर-बिटाला माती चिकटलेली असते, त्यांची साल काढलेली बरी.

टोमॅटो चिरून पातेल्यात घाला आणि झाकण ठेवून पाचसात मिनिटे खळखळून शिजवा. कच्चाच टोमॅटो का नको? थोडा कच्चा टोमॅटो चेचून काचेच्या पेल्यात ठेवून पाहा. काही वेळाने खाली चोथा आणि वर पिवळसर पाणी असे दोन थर दिसू लागतात. टोमॅटोतली विकरे पेक्टिनचे तुकडे करतात आणि रसाचा दाटपणा मोडतो. लगेच तापवल्यास ही विकरे निकामी होतात आणि रस एकजीव राहतो. टोमॅटोचा रस डबाबंद करणारे कारखाने याच युक्तीने चिरलेला टोमॅटो झटपट तापवतात. शिजवल्याने ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होते हे खरे, पण टोमॅटोचे लाल रंगद्रव्य लायकोपिन शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळते. हा व्यवहार मला तरी फायद्याचा वाटतो.

टोमॅटो गार होईपर्यंत गाजर, बीट आणि आले बारीक किसणीवर किसा. लिंबू पिळलेल्या भांड्यात काकडी किसा. सारे एकत्र करून त्यात कोथिंबीर चुरडून टाका, पेलाभर उकळून गार केलेले पाणी घाला आणि स्वच्छ धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळून काढा. मिक्सर असेल तर काम लवकर होते, पण त्यात हवाही भरपूर मिसळते. फिरवणे थोडक्यात आटोपा. शेवटी शिजलेला टोमॅटो गाळणीतून घोटून रसात मिसळा. रस लिटरभर होत नसेल, तर उरलेली भर गार पाण्याने करा. मीठ अर्धा चहाचा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मिरपूड.

गार करण्यासाठी रसाचे भांडे माठाच्या पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवा. विकतचा बर्फ त्यात टाकू नका. कारखान्यांत वस्तू थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम केला, तो दोन्ही ओळखता यावेत म्हणून.

तीन रंग

गाजराचे नारिंगी कॅरोटीन आणि टोमॅटोचे लायकोपिन पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून ते रसात सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगतात आणि बरेचसे चोथ्यातच अडकतात. कॅरोटीनपासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, पण ते आतड्यातून आत शिरण्यासाठी आहारात थोडी चरबी लागते. रसासोबत मूठभर शेंगदाणे खाल्ले तर तेवढे भागते. सोलापूर भागात त्यांचा तुटवडा नाही.

बीटचे बीटानिन मात्र पाण्यात सहज विरघळते. ते इतके जोरकस असते, की अर्ध्या बिटानेही सगळा पेला लाल होतो. हा रस प्यायल्यावर काही जणांची लघवी गुलाबी होते. सुमारे दहातल्या एकाला हा अनुभव येतो. रक्त समजून घाबरण्याचे कारण नाही. पण बीट खाल्लेले नसताना तसे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

डाळिंबाचा लाल आणि बीटचा लाल एकच आहे काय? सोलापूर हा डाळिंबांचा जिल्हा आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून तेथे आहे. तेव्हा दाणे मिळायला अडचण नाही. दोन्ही रसांचे काही थेंब वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन त्यांत खायच्या चुन्याची निवळी टाका. ती हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. बीट पिवळट होते आणि डाळिंब निळसर-हिरवट छटेकडे झुकते. डाळिंबातली रंगद्रव्ये अँथोसायनिन गटातली, बीटची बीटालेन गटातली. निसर्गाची गंमत अशी, की हे दोन्ही गट एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत.

बीटचा रस पांढऱ्या टॉवेलवर सांडला तर डाग लगेच धुतल्यास बराचसा निघून जातो. बीटानिन सेल्युलोजच्या धाग्याला नुसते चिकटून बसते. सुती कापड रंगवायला वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग सेल्युलोजशी पक्का रासायनिक बंध जोडतात. असे रंग १९५६ मध्ये प्रथम बाजारात आले.

किती वेळ ठेवावा?

१९३३ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डब्ल्यू. जी. पीकॉक याने आठ भाज्यांचा मिश्र रस तयार केला. तो ‘व्ही-८’ या नावाने आजही डब्यांत आणि बाटल्यांत विकला जातो. मग आपलाच रस बाटलीत भरून का ठेवू नये? उत्तर आम्लतेत आहे.

आम्लता ‘सामू’ या मापाने मोजतात. पाण्याचा सामू ७. त्याहून कमी तितके आम्ल. लिंबाचा सामू दोन-सव्वादोन, टोमॅटोचा साधारण सव्वाचार ते साडेचार, काकडीचा साडेपाचच्या आसपास आणि गाजराचा सहाच्या आसपास असतो. बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेला कारण होणाऱ्या जंतूचे बीजाणू नेहमीच्या उकळण्याने मरत नाहीत. हवा नसलेल्या बंद बाटलीत, उबदार जागी ते अंकुरतात आणि विष तयार करतात. परंतु सामू ४.६ पेक्षा कमी असेल तर ते वाढू शकत नाहीत. ‘व्ही-८’मध्ये मोठा वाटा टोमॅटोचा आहे, हा काही योगायोग नव्हे. याउलट २००६ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात कारखान्यात तयार झालेला बाटलीबंद गाजराचा रस प्यायलेल्यांना बोट्युलिझम झाला. तो रस उष्णतेने जंतुरहित केल्यासारखा वाटत होता, पण बीजाणू शिल्लक होते आणि बाटल्या पुरेशा थंड ठेवल्या गेल्या नसाव्यात.

आपल्या रसाचा सामू शाळेच्या प्रयोगशाळेतील सामू-कागदाने तपासा. तपासायचा तो वाटीत वेगळा काढलेला रस. मग टोमॅटो आणि लिंबू वगळून केलेला रस तपासा. फरक कागदावर दिसेल. आम्लता पुरेशी असली तरी हातावरचे आणि भाज्यांवरचे इतर जंतू असतातच. तेव्हा रस केल्याबरोबर प्यावा; फ्रीजमध्ये झाकून ठेवला तर त्याच दिवशी संपवावा. चाळीस अंशांच्या उन्हात बाटलीत भरून कारखान्यात नेऊ नये.

मिठाचा हिशेब

१०० ग्रॅम टोमॅटोत पोटॅशियम सुमारे २३० मिलिग्रॅम असते आणि सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम. घामातून मात्र मुख्यतः सोडियम जाते. माणसागणिक फरक असला तरी लिटरमागे साधारण एक ग्रॅम धरावयास हरकत नाही. म्हणजे बिनमिठाचा भाजीरस घामाची भरपाई करत नाही. आपण घातलेले अर्धा चमचा मीठ सुमारे अडीच-तीन ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या जलसंजीवनीच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ असते. आपले माप त्याच्या जवळ येते. तरीही रस म्हणजे जलसंजीवनी नव्हे, तिच्यात ग्लुकोज आणि इतर क्षार ठरावीक प्रमाणात असतात. उन्हाने माणूस बरळू लागला, बेशुद्ध पडला, अंग तापून कोरडे झाले, तर रस पाजत बसू नये. त्याचे अंग ओले करून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ वगळावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी इतके पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि मुतखडा झालेल्यांनी बीट टाळावे, कारण त्यात ऑक्झलेट बरेच असते.

राहिला फडक्यातला चोथा. तंतू जवळजवळ सगळे त्यात आहेत आणि गाजराचे बरेचसे कॅरोटीनही. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ, लसूण आणि तिखट घालून तो मळा, ओल्या फडक्यावर धपाटे थापा आणि तव्यावर कडेने तेल सोडून भाजा. तेलामुळे ते कॅरोटीन आता अंगी लागण्याच्या स्थितीत येते. बीट घातल्याने धपाटे लालसर दिसतील. तव्यावर जास्त वेळ ठेवले तर हा लाल रंग तपकिरी होतो, कारण बीटानिनला उष्णता सोसत नाही.